चव्हाट्यावरची तक्रार, डीएममधला न्याय

ऑक्टोबर २०२४ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांनी एक्सवर एक छायाचित्र टाकलं. ओला इलेक्ट्रिकच्या दुरुस्ती केंद्राबाहेर स्कूटर एकमेकींना खेटून धूळ खात उभ्या होत्या. भारतातल्या ग्राहकाला काही आवाज आहे का, असा त्यांचा सवाल होता. कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी स्वतःच्या खात्यावरून उत्तर दिलं. एवढी काळजी वाटते तर या आमच्या मदतीला, या पैसे घेऊन केलेल्या पोस्टचे किंवा तुमच्या फसलेल्या विनोदी कारकिर्दीचे मिळाले असतील त्याहून जास्त देईन, नाहीतर गप्प बसा, असा त्या उत्तराचा आशय होता. दुसऱ्या दिवशी शेअर बाजार उघडला आणि कंपनीचा शेअर सुमारे ८ टक्क्यांनी खाली आला. त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कारणे दाखवा नोटीसही कंपनीला गेली.

आपल्याकडे पुढचे चार दिवस चर्चा झाली ती कोणी कोणाची जिरवली याची. मला त्या गदारोळात एक आकडा महत्त्वाचा वाटला. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे या कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. दुरुस्तीला लागणारा वेळ, गाडी मिळायला झालेला उशीर, कबूल केलेल्या गोष्टी न मिळणं, अशा. ही माणसं नियमाने वागली होती. त्यांनी १९१५ हा क्रमांक फिरवला, तक्रार क्रमांक घेतला आणि वाट पाहिली. त्यांच्यातल्या कोणालाही कंपनीच्या प्रमुखाने जाहीरपणे उत्तर द्यायच्या लायकीचं मानलं नाही, अपमान करण्यापुरतंसुद्धा नाही. तो मान लाखो अनुयायी असलेल्या एका माणसाला मिळाला. नोटीस त्या पोस्टमुळे निघाली असं मी म्हणणार नाही, तक्रारींचा ढीग आधीपासूनच साचला होता. मात्र देशाला तो ढीग दिसला तो त्या छायाचित्रानंतरच.

कंपन्या सोशल मीडियावर ज्याला ग्राहकाशी संवाद म्हणतात, तो बहुतांशी अब्रूचा पहारा असतो, असं माझं मत आहे. जाहीरपणे ओरडणाऱ्याचं काम तासाभरात करून देणारी कंपनी तत्पर नसते. तिचा नेहमीचा दरवाजा बंद आहे, याचा तो पुरावा असतो. आणि आपण, म्हणजे ग्राहकांनी, या व्यवहाराला आपला विजय समजून टाळ्या वाजवायला सुरुवात केली आहे.

हे चालतं कसं, ते थोडं आतून पाहू. मोठ्या ब्रँडचं इन्स्टाग्राम किंवा एक्स खातं बहुतेक वेळा कंपनी स्वतः चालवत नाही, एजन्सी चालवते. तिथे विशी-पंचविशीतली मुलंमुली महिन्याचं कंटेंट कॅलेंडर लावतात. गुढीपाडवा, मातृदिन, सामन्याचा निकाल, व्हायरल झालेलं एखादं गाणं, सगळ्यावर काहीतरी चटकदार लिहायचं असतं. याला मोमेंट मार्केटिंग म्हणतात. हे काम हुशारीचं आहे. जुलै २०१९ मध्ये झोमॅटोने, अधूनमधून घरचं जेवणही जेवत जा, अशा अर्थाची एक ओळ टाकली आणि पाठोपाठ कितीतरी ब्रँडनी आपापल्या धंद्याच्या विरोधात तशाच ओळी लिहिल्या. लोक हसले. मीही हसलो. जाहिरात जाहिरातीसारखी न दिसता मित्राच्या थट्टेसारखी वाटावी, याचा तो उत्तम नमुना होता. या हौसेला कधीकधी ताळतंत्रही राहत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूला कांस्यपदक मिळालं, त्या आठवड्यात ज्यांचा तिच्याशी काडीचा करार नव्हता असे सुमारे वीस ब्रँड तिचं अभिनंदन करत स्वतःचं बोधचिन्ह मिरवत होते. तिचं व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीला त्यांच्यावर कायदेशीर कारवाईचा इशारा द्यावा लागला.

त्याच एजन्सीत किंवा शेजारच्या मजल्यावर दुसरी एक तुकडी बसते. तिचं काम ओआरएम, म्हणजे ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंट. ब्रँडचं नाव घेऊन कोण काय लिहितंय ते तिच्या पडद्यावर सतत सरकत असतं. लिहिणाऱ्याचे फॉलोअर किती, सूर रागाचा आहे की कौतुकाचा, हेही बाजूला दिसतं, आणि त्यानुसार क्रम लावण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्येच असते. पत्रकार, नट, फॉलोअरवाला माणूस असला की प्रकरण वर सरकतं. बाकीच्यांसाठी ठरलेले मजकूर असतात. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया आपला ऑर्डर क्रमांक डीएम करा.’ डीएम म्हणजे डायरेक्ट मेसेज, इतरांना न दिसणारा खाजगी संदेश. या तुकडीचं काम मोजलं जातं ते पहिलं उत्तर किती मिनिटांत गेलं यावर आणि सूर किती सुधारला यावर. फेसबुकचं स्वतःचं मोजमापही याच जातीचं. नव्वद टक्के संदेशांना पंधरा मिनिटांच्या आत उत्तर देणाऱ्या पानाला ते तत्परतेचा शिक्का देतं. उत्तर गेलं की झालं. फ्रिज गार झाला की नाही, हे त्या शिक्क्याला ठाऊक नसतं.

तिथल्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात ना परतावा मंजूर करण्याचा अधिकार असतो ना गोदामाची किल्ली. त्यांना फक्त दिलगिरी व्यक्त करायची मुभा असते. खरा प्रश्न पैशांच्या वाटणीचा आहे. ग्राहकाशी गोड बोलण्याचा खर्च मार्केटिंगच्या खात्यात पडतो, आणि ते खातं भरलेलं असतं, कारण तिथे खर्च म्हणजे वाढ असं गणित आहे. तक्रार सोडवण्याचा खर्च कॉल सेंटरच्या खात्यात पडतो. ते खातं दरवर्षी कापायचं असतं, म्हणून तिथे आधी बॉट येतो, मग ‘एक दाबा, दोन दाबा’ येतं आणि शेवटी संगीत वाजत राहतं. कंपनी एकच. दारात हसतमुख, परसात कुलूप.

‘डीएम करा’ या विनंतीने काय होतं पाहा. तक्रार जाहीर होती तोवर ती सगळ्यांची होती. त्याच गाडीचे, त्याच पंख्याचे, त्याच विमा पॉलिसीचे इतर ग्राहक ती वाचत होते, ‘माझंही असंच झालं’ म्हणत होते. डीएममध्ये शिरताच ती एका माणसाची झाली. त्याला कूपन मिळतं, परतावा मिळतो, कधी थेट वरच्या साहेबाचा फोनही येतो. तो खूश होऊन पोस्ट काढून टाकतो किंवा खाली ‘धन्यवाद, प्रश्न सुटला’ असं लिहितो. दोष जिथे होता तिथेच राहतो, फक्त त्याचा साक्षीदार फितूर होतो. शब्द कडक वाटेल, पण दुसरा सुचत नाही.

यातून आणखी एक धोका उभा राहिला आहे आणि त्याची झळ लागते ती साध्या माणसांना. अधिकृत क्रमांक सापडत नाही, म्हणून लोक गूगलवर शोधतात किंवा कंपनीच्या पोस्टखाली आपला मोबाइल क्रमांक लिहून मोकळे होतात. भामटे त्याचीच वाट पाहत असतात. कंपनीसारखं नाव आणि चिन्ह लावलेल्या खात्यावरून फोन येतो, ‘परताव्यासाठी ही लिंक उघडा’, आणि खातं रिकामं होतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या फसवणुकीविषयीच्या पुस्तिकेत बनावट कस्टमर केअर क्रमांकांचा प्रकार तपशिलाने दिला आहे. त्याच वर्षी ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, खातं अस्सल असल्याची निळी खूण विकायला काढली आणि अमेरिकेत एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाच्या तोतया खात्याने ‘इन्सुलिन आता मोफत’ असं जाहीर करून टाकलं. खूण होती, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. आपल्याकडची फसवणूक इतकी गाजत नाही. पेन्शनीतले चाळीस हजार जातात, माणूस लाजेने घरातही सांगत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा, कारण ‘काही नियमच नाहीत’ ही तक्रार खरी नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक अशा कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क जाहीर करायचा. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि ती एका महिन्यात सोडवायची. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. साधारण तीन महिन्यांत निकाल लावावा, असं कायदाच सांगतो. कागदावर हे सगळं उत्तम आहे. पण हा अधिकारी शोधायचा तर संकेतस्थळाच्या तळाशी, अटी-शर्तींच्या जंगलात उतरावं लागतं, आणि आयोगातल्या तारखांबद्दल मी वेगळं काही सांगायला नको. ब्रँडचं इन्स्टाग्राम मात्र समोरच हसत उभं असतं. माणूस कुठे जाईल?

इथे माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सोशल मीडिया नव्हता तेव्हा या माणसाचं काय होत होतं? पत्र पाठवायचा, उत्तर यायचं नाही, गप्प बसायचा. आज निदान कोणीतरी ‘दिलगीर आहोत’ तरी म्हणतं. ज्याचे ना ओळखीचे साहेब ना वशिला, अशा माणसाला या साधनाने पहिल्यांदा मोठ्या कंपनीच्या कॉलरपर्यंत हात नेता आला, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. विमानात सामान हरवलेला विद्यार्थी, विम्याचा दावा फेटाळलेली विधवा, यांना एका पोस्टने न्याय मिळाल्याची उदाहरणं आहेत आणि ती खरी आहेत.

पण वशिला गेला असं मला वाटत नाही, त्याने रूप बदललं आहे. पूर्वी मंत्रालयात ओळख लागायची, आता फॉलोअर लागतात. इंग्रजीत टोचणारं वाक्य लिहिता यावं लागतं, स्क्रीनशॉट काढून त्यावर लाल गोल करता यावा लागतो, आणि वाक्य व्हायरल व्हायला थोडं नशीबही लागतं. आष्टीच्या किंवा अक्कलकुव्याच्या माणसाने सदोष मोटार पंपाबद्दल मराठीतून चार ओळी लिहिल्या तर त्याला इंग्रजीतला ठरलेला मजकूर मिळतो, आणि बहुधा तोही मिळत नाही. मराठी दिनाला हाच ब्रँड फेट्याचं चित्र लावून ‘माय मराठी’ला वंदन करतो. वंदनाची भाषा मराठी आणि परताव्याची इंग्रजी, असा हा हिशेब आहे.

भाषेच्या बाबतीत कंपन्यांना काय ऐकू येतं, याची दोन उदाहरणं ठळक आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये तमिळनाडूतल्या एका ग्राहकाच्या झोमॅटो ऑर्डरमध्ये एक पदार्थ कमी आला. मदत खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने त्याला हिंदी राष्ट्रभाषा आहे, थोडीफार यायला हवी, असं सुनावलं. ग्राहकाने स्क्रीनशॉट टाकले आणि दुसऱ्या दिवशी देशभर वणवा पेटला. कंपनीने तमिळ आणि इंग्रजीत माफी मागितली, कर्मचाऱ्याला काढल्याचं जाहीर केलं, तमिळ ॲप आणि कोइंबतूरमध्ये मदत केंद्र उभारत असल्याचं सांगितलं. काही तासांनी संस्थापक दीपिंदर गोयल यांनी तिला परत घेत असल्याचं लिहिलं. कॉल सेंटरमधल्या एका तरुणीची नोकरी सकाळी गेली आणि दुपारी परत आली. दोन्ही निर्णय गर्दीचा अंदाज घेऊन झाले. कमी आलेल्या पदार्थाचा विषय तोवर कोणाच्याही लक्षात राहिला नव्हता.

दुसरं आपल्या घरचं. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ॲमेझॉनच्या ॲपमध्ये मराठी हवी अशी मागणी केली. प्रकरण न्यायालयात गेलं, डिसेंबरात कंपनीच्या कार्यालयांत तोडफोड झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपवर मराठी आली. त्याआधी त्याच वर्षी फ्लिपकार्टनेही मराठी आणली होती. कंपन्या म्हणतील, हे आधीपासूनच ठरलेलं होतं. असेलही. काचा फोडणं मला मान्य नाही, तिथे काम करणारी पोरं आपलीच असतात. तरी लोकांनी यातून काय धडा घेतला असेल? सभ्यपणे केलेली मागणी कुठेतरी टोपलीत जाते आणि गोंगाट झाला की वरच्या मजल्यावर दिवा लागतो, हाच. ओआरएमच्या पडद्यानेही लोकांना रोज हेच शिकवलं आहे.

मग जाहीर बोलण्याचा उपयोग होतच नाही का? होतो, आणि तो कधी होतो हे पाहण्यासारखं आहे. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटामधल्या साखरेविषयी एक व्हिडिओ केला. डब्यावर छापलेल्या माहितीवर त्याने बोट ठेवलं होतं. कंपनीकडून त्याला कायदेशीर नोटीस गेली, त्याने व्हिडिओ काढला, माफी मागितली. पण तोवर व्हिडिओ हजारो फोनांत पोहोचला होता. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कंपनीला विचारणा केली. वर्षअखेरीस कंपनीने त्या पेयातली साखर कमी केली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ई-कॉमर्स संकेतस्थळांना सांगितलं, की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढा.

या प्रकरणात कोणी परतावा मागत नव्हतं, त्यामुळे डीएममध्ये बोलावून मिटवण्यासारखं काही नव्हतं. दोष वस्तूत होता, सगळ्यांचा होता आणि सगळ्यांसमोर राहिला. गोड बोलणाऱ्या ब्रँडची अशा वेळी पहिली प्रतिक्रिया वकिलाची नोटीस ही असते, हेही लक्षात ठेवावं. संवाद, एंगेजमेंट, कम्युनिटी हे शब्द मग त्या दिवसापुरते कपाटात जातात. आणि साखर कमी झाली ती व्हिडिओ अधिक सरकारी यंत्रणा या दोघांच्या रेट्याने. नुसत्या व्हिडिओवर विसंबलं असतं तर गोष्ट माफीपाशीच संपली असती.

(पैसे घेऊन स्तुती करणाऱ्या इन्फ्लुएन्सरांविषयी मी इथे फार लिहीत नाही. त्यांच्यासाठी जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची आणि सरकारची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ‘जाहिरात’ असं ठळक लिहिणं बंधनकारक आहे, दहा लाखांपासून पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रील बघताना तो शब्द शोधून पाहा, सापडला तर.)

ब्रँडने ग्राहकाशी बोलावं, वस्तू विकण्यापलीकडचं बोलावं, याला माझा विरोध नाही. ही कल्पना आपल्याकडे सिलिकॉन व्हॅलीतून आलेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना वसवला. लोखंडी नांगर विकणं सोपं नव्हतं. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. हेतू उघड होता: कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत न्यायची. आजच्या बोलीत, कंटेंट मार्केटिंग. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. ज्यांच्या घरी नांगर धरायला जमीनच नव्हती अशा पुण्या-मुंबईच्या घरांत ही मासिकं वाचली जाऊ लागली. अंधश्रद्धा, स्त्रीशिक्षण, विज्ञान, उद्योग, यांवर त्यात वाद झाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख ‘किर्लोस्कर’मध्ये आले आणि त्यावर सनातन्यांनी आगपाखड केली. नांगर विकणाऱ्या घराने आपल्याच संभाव्य गिऱ्हाइकाला दुखावण्याची ही तयारी होती. आजचा कोणता ब्रँड हे करील? २०२० मध्ये तनिष्कने आंतरधर्मीय कुटुंबातल्या डोहाळजेवणाची जाहिरात केली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचं कारण त्यांनी दिलं, ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण भूमिका घेण्याची हौस आणि ती पेलण्याची ताकद या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे, ते त्या काही दिवसांत दिसलं.

किर्लोस्करांच्या उदाहरणात मला आवडतं ते वेगळंच काही. मासिक आणि नांगर एकाच गावातून निघत. पत्र लिहायचं तर पत्ता किर्लोस्करवाडीचाच. बोलणारा आणि बनवणारा यांच्यामध्ये एजन्सी नव्हती, त्यामुळे गोड बोलण्याचं ओझं नांगराला पेलावं लागत होतं. तो काळ परत आणता येणार नाही, आणायची गरजही नाही. मात्र बोलणारा आणि बनवणारा जितके दूर, तितकं बोलणं पोकळ, हा हिशेब आजही लागू पडतो.

आजही लहान व्यापाऱ्यांत तो दिसतो. २०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्या अडल्या तेव्हा रत्नागिरी-देवगडच्या कित्येक बागायतदारांनी व्हॉट्सॲपवरून मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोहोचवल्या. पेटीत चार आंबे नासके निघाले तर फोटो थेट बागेच्या मालकाच्या फोनवर जायचा. त्याच्याकडे ‘डीएम करा’ म्हणायची सोय नव्हती, तो डीएममध्येच बसलेला होता. हापूसची खरी दुखरी नस म्हणजे भेसळ. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपतो. देवगडच्या उत्पादकांनी २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर दुहेरी क्रमांकाचा शिक्का लावायला घेतला. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, शिक्क्याखाली दडलेला क्रमांक सांगायचा, मग फळ अस्सल की नाही ते कळतं. यात विनोद नाही, मीम नाही, सणाच्या शुभेच्छा नाहीत. फोनमधलं तेच ॲप, पण ग्राहकाच्या मनात होता तोच प्रश्न त्यावर सुटतो. कंपन्यांच्या सादरीकरणांत ज्याला एंगेजमेंट म्हणतात त्याचे आलेख मी पाहिले आहेत. लाइक, शेअर, कॉमेंट, पोहोच. त्यात ‘ग्राहकाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं’ असा रकाना मला अजून दिसलेला नाही.

ब्रँडनी सोशल मीडिया सोडून द्यावा का? काहींनी सोडला. ब्रिटनमधल्या वेदरस्पून या पबच्या साखळीने २०१८ मध्ये आपल्या ९०० पबांची सगळी खाती बंद केली, धंदा चालू राहिला. आपल्याकडे ते होणार नाही आणि व्हावं असा माझा आग्रहही नाही. अमूलची मुलगी १९६६ पासून फलकांवर चालू घडामोडींवर बोलते आहे. तिच्याकडून कोणी परतावा मागत नाही, ती मदत करते असा आवही आणत नाही. जाहिरात म्हणून जाहिरात करावी, छान करावी. माझा आक्षेप फक्त तिने मदतीचा मुखवटा लावण्याला आहे.

म्हणून मागणी दोन गोष्टींची हवी. पहिली साधी आहे. जिथे ब्रँड बोलतो तिथेच, त्याच खात्याच्या पहिल्या ओळीत, निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि क्रमांक असावा. जाहीर पोस्टवर आलेली तक्रार ही नियमांतली तक्रारच धरावी. तिला क्रमांक मिळावा, ४८ तासांचं आणि महिन्याचं घड्याळ तिलाही लागू व्हावं, आणि डीएममध्ये काय ठरलं त्याचा निकाल तपशील झाकून जाहीर धाग्यावर परत यावा. असं झालं की फॉलोअरवाला आणि बिनफॉलोअरचा एकाच रांगेत येतात.

दुसरी मागणी आकड्यांची. गुंतवणूकदारांच्या तक्रारी किती आल्या, किती सुटल्या, हे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना दर तिमाहीला सांगावं लागतं. ग्राहकांच्या तक्रारींचे आकडेही पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना द्यावे लागतात, २०२२-२३ पासून, पण वर्षातून एकदा, शाश्वतता अहवालाच्या नवव्या तत्त्वाखाली, शेकडो पानांच्या पोटात. तिथे आलेल्या आणि प्रलंबित अशा दोनच संख्या असतात. कुठल्या मार्गाने आल्या, किती दिवसांत सुटल्या, याचा पत्ता नसतो. भागधारकाला तिमाहीचा हिशेब आणि गिऱ्हाइकाला वर्षातून एकदा तळटीप, हा भेद का? सेवा देणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीने दर महिन्याला एक तक्ता जाहीर करावा: फोनवरून किती तक्रारी आल्या, ईमेलवरून किती, सोशल मीडियावरून किती, आणि प्रत्येक वाटेने सुटायला सरासरी किती दिवस लागले. एक्सवरची तक्रार दोन दिवसांत आणि फोनवरची वीस दिवसांत सुटत असेल, तर ते त्या तक्त्यातच उघडं पडेल.

यावर कंपन्यांचा प्रतिवाद मला ठाऊक आहे. जो प्रामाणिकपणे नोंद करील त्याच्या तक्रारी जास्त दिसतील आणि तोच आधी झोडपला जाईल. मोठ्या कंपनीचा आकडा मोठाच येणार, लोक समजून न घेता हेडलाइन करतील. भीती रास्त आहे. त्यावरचा तोडगा विमान वाहतुकीत कधीच निघालेला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दरमहा प्रत्येक विमान कंपनीविरुद्धच्या तक्रारी दर १०,००० प्रवाशांमागे किती, असे छापतं. लहानमोठ्याचा प्रश्न तिथेच मिटतो. तसंच दर १०,००० ऑर्डरींमागे, दर १०,००० पॉलिसींमागे, दर १०,००० स्कूटरींमागे छापता येईल. आणि महाराष्ट्रात धंदा करणाऱ्यांच्या तक्त्यात एक रकाना भाषेचाही असू द्या: मराठीतून आलेल्या तक्रारी किती, आणि त्यांतल्या कितींना मराठीतून उत्तर गेलं.